राजनंदिनीनं स्वतः विचारलं

चौसाळ्याच्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या आणि राजनंदिनीची स्कूटी थेट बाभळीत शिरली.

"लागलं का वो, मॅडम?" शेळ्यांमागून लखन धावत आला.

"न्हाई."

"मग हसा की जरा... माझ्या शेळ्या भ्यायल्यात."

ती खुदकन हसली, अन् लगेच दचकली. ती वाढली त्या आश्रमात पोरींचं हसणं पाप होतं. आईवडील तिथल्या बाबांचे भक्त. कळायच्या आधीच तिला तिथं नेलं होतं. ना शाळा, ना मैत्रिणी. बाबांनी तिचं लग्न पन्नाशीच्या सेवेकऱ्याशी ठरवलं, तेव्हा पहाटे दुधाच्या टेम्पोत बसून ती पळाली. चौसाळ्यात छबुबाईंनी आपल्या शिलाईच्या दुकानात ठेवून घेतलं. झाडलोट करता करता ती ब्लाउज शिवायला शिकली. रात्री अक्षरं गिरवत आता बाहेरून दहावीची तयारीही करत होती.

लखन मग वरचेवर दुकानात येऊ लागला. दर खेपेला बटण तुटलेलं!

"शर्टाला बटणं हायत तरी किती तुमच्या?"

"तुमी लावत राहाल... तेवढी."

सुई तिच्या बोटात घुसली.

श्रावणात त्यानं सरळच विचारलं, "लग्न करता माझ्याशी?"

"थांबाल? आजवर माझं समदं दुसऱ्यांनीच ठरवलंय."

"थांबतो की. कुठं पळून चाललोय?"

आठवडाभरानं, भुरभुर पावसात आश्रमाची जीप दुकानापुढं थांबली. आई उतरली. किती वाळली होती!

"चल पोरी. बाबा माफ करतील. न्हाई आलीस तर कोप व्हईल त्यांचा..."

 कोपाची ती भीती राजनंदिनीच्या अंगातून अजून गेली नव्हती. शर्ट न्यायला आलेला लखन तावातावानं पुढं झाला. तिनं त्याला अडवलं.

"मला बोलू द्या." मग आईचा हात धरला. "मी येणार न्हाई, आई. तूच राहा इथं. आपण दोघी राहू."

आईचे ओठ हलले... पण जीपचा हॉर्न वाजला, तशी ती हात सोडवून निघून गेली.

राजनंदिनी पोटभर रडली. लखन तिच्या शेजारी बसला. डोळे पुसून तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"मार्चात परीक्षा हाय. ती झाली की लग्न करू... करता?"

लखन ताडकन उठून उभा राहिला. "अवो, पण हे तर मीच विचारलंतं की!"

"ते तुमचं झालं," ती म्हणाली. "हे माझं विचारणं हाय. जवाब द्या."

"हो... लई हो!"