डावा की उजवा डोळा

“हात लांब कर आणि बोटांच्या फटीतून माझ्या नाकाकडे बघ.”

अनोळखी मुलानं पहिल्याच भेटीत असं म्हणावं? मी एअर रायफल खाली ठेवली. चारकोपच्या आमच्या नेमबाजी क्लबात हा नमुना आला कुठून!

नमुन्याचं नाव अनय. डोळे तपासण्याचं शिकत होता. जसा एक हात जास्त चालतो, तसा एक डोळाही वरचढ असतो म्हणे. मालवणी, गुजराती, कोळी, आरेच्या जंगलातले वारली... कुठल्या समाजात कुठला डोळा जास्त वरचढ, हे त्याला शोधायचं होतं.

“मग मला कुठे घालशील? बाबा मालवणी, आई गुजराती.”

“वाट लागली!” तो इतका मनापासून गोंधळला की मला हसूच फुटलं.

मी फटीतून पाहिलं. त्याला त्यातून माझा एकच डोळा दिसत होता, जो वरचढ तो. तो बघतच राहिला...

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर. “तुझ्यासाठी वेगळा रकाना केलाय. त्यात तू एकटीच. पुन्हा एकदा बघू?”

त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. बाकी कुणाला त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. फक्त मलाच!

राज्याची निवड चाचणी तोंडावर, आणि माझा नेम चुकत होता. डोळ्यातच खोट असली तर? रायफल सोडायची? बाथरूममध्ये नळ सोडून मी रडले.

चौथ्यांदा त्यानं विचारलं आणि माझा पारा चढला.

“खरं सांग, अनय. माझ्या डोळ्याला काय झालंय?”

“काहीच नाही!”

“मग सारखं काय तपासतोस? इथे माझी झोप उडालीय!”

त्याचा चेहरा पडला. “सॉरी यार... हे डोक्यातच आलं नाही माझ्या. उजवा वरचढ आहे तुझा, दोन्ही ठणठणीत. पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग?”

“मग काय... एरवी तू फक्त टार्गेटकडे बघतेस. तपासताना तेवढा वेळ तरी माझ्याकडे बघतेस ना.”

हुश्श! हसू आणि रडू एकदमच आलं.

“मूर्खा, सरळ चहाला चल म्हणायचं होतंस!”

“नाही म्हणाली असतीस तर?”

“म्हणालेच असते. पहिल्या शनिवारी.”

“आणि... आज?”

“आज तू आवडतोस मला. सराव संपेपर्यंत थांब.”

त्या दिवशी माझा सराव फार लवकर संपला.