आठ पायांचं टेबल आणि लिमयेकाकांचा पाय

आठ पायांचं टेबल किती पायांवर उभं राहतं?

आठ, असं आमच्या अख्ख्या वाडीचं मत होतं. म्हणून तर आम्ही ते बनवलं.

त्याचं असं झालं. माझी वृंदाआत्या चंद्रावर असते. तिथल्या घुमटात काय काय उगवतं ते बघणं, ही तिची नोकरी. जाताना मी तिला परसातले कुळथाचे चार दाणे दिले होते. तीन रुजलेच नाहीत. चौथ्याचं काय झालं, ते ती आज संध्याकाळी थेट चंद्रावरून दाखवणार होती. बोलायला वीस मिनिटं. मला सकाळपासून चैन नव्हतं. जेवले, पण उभ्यानेच.

पडदा म्हणजे सड्यावरच्या पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे सपाट असं काहीही नाही. प्रोजेक्टर ठेवायला दिनूकाकांनी घरचं टेबल आणलं. ते डुगडुगलं. काकांनी एका पायाखाली लग्नपत्रिकेची घडी सरकवली. आमच्याकडे लग्नपत्रिका त्यासाठीच जपून ठेवतात. लगेच दुसरा पाय उचलला गेला. त्याखाली करवंटी. मग तिसरा.

"पाय कमी पडतायत," काका म्हणाले.

वाडीतले होते नव्हते ते सगळे बांबू कापून आणखी चार पाय ठोकले. आता टेबल कोळ्यासारखं दिसायला लागलं आणि वाऱ्यावर कोळ्यासारखंच हलायला लागलं. वर ते नखभर हललं की भिंतीवरचं चित्र हातभर उडी मारायचं. प्रकाश जितका लांब जाईल, तितकी छोटी चूक मोठी होत जाते.

"सगळं फुकट जाणार," मी म्हणाले. सूर्य टेकला होता.

तेव्हा लिमयेकाका पुढे आले. लिमयेकाका माणूस नाहीत. ते माती तपासणारा चार पायांचा जुना रोबो आहेत. वाडीला मिळाले तेव्हा त्यांच्या पोटावर 'हस्ते श्री. लिमये' अशी चिकटपट्टी होती, तेच नाव पडलं.

"मोजले," ते म्हणाले. "आठ पाय. तीन कामावर आहेत, पाच नुसते हजर आहेत."

"कुठले तीन?" दिनूकाकांना राग आला.

"दर झुळकीला वेगळे."

मग त्यांनी मला तीन खडे दिले. "शाल्मली, यांच्यावर पाटी ठेव."

ठेवली. हलली नाही. मी एक खडा बदलून मोठा घेतला. पाटी तिरकी झाली, पण हलली नाहीच. चौथा खडा घातला आणि डुगडुग सुरू.

"तीन टोकांवर कायम एक प्रतल (सपाट पातळी) बसतं," लिमयेकाका म्हणाले. "टोकं कितीही उंचसखल असोत. चौथं टोक नेमकं त्याच पातळीत आलं तर ठीक. नाही आलं तर कोणीतरी एक अधांतरी राहतं."

"म्हणजे तिवई!" मी ओरडले.

नळाच्या जाड पाइपात बारीक पाइप घातला, दोन्हींना ओळीने भोकं पाडली. हव्या त्या भोकात खिळा घातला की पाय हवा तेवढा लांब होतो. असे दोन पाय झाले. मग पाइप संपले, आणि बांबू तर टेबलाला ठोकलेले.

"माझा घ्या," लिमयेकाका म्हणाले. "तोही लांबतो."

"आणि तुम्ही पडलात तर?" मी विचारलं.

"तर माझं म्हणणं चुकलं असं समजा."

त्यांनी आधी मागचा एक पाय मधोमध आणला, दुसऱ्याचा स्क्रू सोडवला. लिमयेकाका जागचे हलले नाहीत.

तिन्ही पाय एका फळीला सैल बोल्टांनी अडकवले, वर प्रोजेक्टर बांधला. वारा आला आणि सगळं माझ्या अंगावर कललं. मी ते कसंबसं धरलं.

"गुरुत्वमध्य!" लिमयेकाका ओरडले. (वस्तूचं सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं वागतं, तो बिंदू.) "तो पायांच्या त्रिकोणाच्या वर राहिला पाहिजे. त्रिकोण मोठा कर! बिंदू खाली आण!"

मी पाय फाकवले आणि ते आणखी फाकू नयेत म्हणून दोरीने बांधले. फळीखाली मधोमध नारळांची पिशवी लटकवली. वारा आला आणि गेला.

चित्र भिंतीबाहेर जात होतं. मी प्रोजेक्टर आणि पिशवी काढली, तिवई मिटवून खांद्यावर टाकली, पुढे नेऊन पुन्हा उभी केली. टेबल हलवायला सहा माणसं लागली असती आणि सात मतं.

आत्या भिंतीवर आली. वाडीने टाळ्या वाजवल्या. आणि चित्र हलायला लागलं.

मी तिवईकडे बघितलं. ती ठाम होती. दिनूकाकांकडे बघितलं. "मी हात लावला नाही," ते म्हणाले.

"शालू, हे बघ!" आत्याने कुंडी पुढे केली. त्यात हिरवा डाग नाचत होता. ती पालवी होती की शेवाळ, काही कळेना.

"आत्या, तुझा कॅमेरा कशावर आहे?"

आवाज चंद्रावर जाऊन उत्तर यायला तीन सेकंद लागतात. त्या तीन सेकंदांत मी सगळी नखं खाल्ली.

"चार पायांच्या स्टँडवर. इथली जमीन खडबडीत आहे गं, डुगडुगतो. पण मी एका पायाखाली कागदाची घडी घातलीय."

सगळ्यांनी दिनूकाकांकडे बघितलं.

"आपलीच आहे," दिनूकाका म्हणाले.

"आत्या, एक पाय मिट! बाकीचे तीन फाकव!" सगळी वाडी एका सुरात ओरडली. दिनूकाका सगळ्यात मोठ्याने.

एक. दोन. तीन. आत्याचे डोळे मोठे झाले. ती खाली वाकली, थोडी खुडबुड झाली आणि चित्र थांबलं.

दोन पानं होती. इवलीशी, जोडीने उघडलेली.

"तीन पायांवर?" आत्या म्हणाली. "उद्या इथली सगळी टेबलं बघते."

लिमयेकाका माझ्या शेजारी तीन पायांवर उभे होते. मी म्हटलं, "उद्या तुमचा पाय परत लावते हं."

"चालायला तो लागेल," ते म्हणाले. "उभं राहायला घाई नाही."