पैलाडचा वर्ग

"ओ स्कूटीवाल्या अक्का! थांबा! पुढं पूल न्हाई, नुसता ओढा हाय!"

भोंग्याचा आवाज कानावर आदळला आणि शैलश्रीनं कचकन ब्रेक दाबला. वळणापुढं खरंच पूल नव्हता. भाद्रपदातल्या पुरानं तो खांबासकट उचलून नेला होता. ओढ्याच्या पैलाड एक ट्रॅक्टर, त्यावर बांधलेला भोंगा, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला एक तरणा गडी माईक धरून उभा.

"माझ्या सात पोरी हाईत तिकडं!" ती ओरडली. पाण्यानं तिचे शब्द गिळून टाकले.

त्यानं कानाला हात लावला, मान हलवली. मग भोंग्यातून अख्ख्या शिवाराला ऐकवत स्वतःचा नंबर सांगितला. तिनं तो तळहातावर लिहून घेतला. लिहिताना का कोण जाणे, हसू आलं. तिनं तिथूनच फोन लावला.

"मृत्युंजय बोलायलोय. लग्नाला मंडप आन् साउंड लावतो. बोला."

"मी आपल्या सीमेवरच्या कल्याणच्या कॉलेजात मराठी शिकवते. वर्गात दहाच पोरी, त्यातल्या सात तुमच्या गावच्या. कॉलेजात पाणी शिरलंय, वर्ग बंद. अठरा दिवसांनी परीक्षा. दहातली एक जरी बसली न्हाई, तर पुढच्या साली मराठीचा वर्गच न्हाई. मोबाईलवर शिकवावं म्हणलं तर…"

"इकडं टावरला नुसता बोलण्यापुरता जीव हाय, मॅडम. व्हिडिओ-बिडिओ न्हाई." त्यानं ट्रॅक्टरवर थाप मारली. "पण भोंगा हाय की."

तसा वर्ग सुरू झाला. रोज दुपारी चारला ती कल्याणच्या खोलीतून फोन लावायची, तो फोन माईकला लावायचा, आणि बसवण्णाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर पोरी वह्या उघडायच्या.

पहिल्याच दिवशी घोटाळा. तिनं हजेरी घेतली… "गुरुबाई?" तर तीन ठिकाणांहून उत्तर आलं. एक कट्ट्यावरून, एक हापशावरून, एक शेण थापता थापता, "व्हय, हाय की! कामून?"

"मॅडम," मृत्युंजय हसू दाबत म्हणाला, "आमच्या गावात सात गुरुबाया हाईत. बापाच्या नावासकट हाका मारा, न्हाईतर गाव हाजर व्हायलंय."

जात्यावरच्या ओव्यांचा धडा निघाला, तेव्हा ती पुस्तकातली ओवी वाचत होती. मधेच घोगरा, म्हातारा आवाज घुसला, "अगं बाई, अशी वाचतेत व्हय ओवी? गावी लागती!" ती अक्कम्मा, वर्गातल्या बसम्माची आजी. तिनं माईक ओढून घेतला आणि जागच्या जागी रचून गायली…

*पुरानं गं नेली वाट, नेला दगड न् माती
लेक माझी धरी बाई, सूर पैलाडचा हाती*

शैलश्रीचा पेन वहीवर तसाच थबकला. दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्या बाया रोज चारला कट्ट्यावर येऊन बसू लागल्या. शंका पोरींपेक्षा त्यांच्याच जास्त.

वर्ग संपला की भोंगा बंद व्हायचा. फोन मात्र चालू राहायचा.

"मॅडम, मागं बसलेल्या एका विद्यार्थ्याची शंका हाय."

"विचारा की."

"ओवीत ज्याला सांगायचंय, त्याचं नाव कामून नसतंय?"

"ज्याला कळायचं, त्याला कळतंय."

"आन्… न्हाईच कळलं तर?"

"नापास!"

पलीकडून हळूच, "मी लई अभ्यास करायलोय, मॅडम…"

परीक्षेच्या आदल्या दिवशी बापलोक अडले. फेऱ्याची वाट चाळीस किलोमीटर, सगळा चिखल. पोरींना ट्रॅक्टरवर कोण धाडणार? शैलश्रीनं भोंगा चालू ठेवायला सांगितला.

"अण्णा, अप्पा, सगळे ऐका. अठरा दिवस तुमच्या पोरींनी पुराला वर्ग मोडू दिला न्हाई. आता घरच्यांनी मोडू नगा."

कट्ट्यावरून अक्कम्मा कमरेवर हात देऊन उठली. "मी जाते पोरींसंगं. आमीबी शिकलावच की अठरा दिवस. कोण अडवतंय बघू!"

सकाळी दहाला कॉलेजच्या फाटकात ट्रॉली शिरली. सात पोरी, पाच म्हाताऱ्या, सगळ्या चिखलानं रंगलेल्या. "आमाला बी पेपर द्या," अक्कम्मा शिपायाशी भांडत होती. शैलश्रीनं वर्गात पोरींची बाकं मोजली. आठ, नऊ… दहा. तिनं डोळे पदरानं टिपले. वर्ग टिकला होता.

पेपर सुटल्यावर मृत्युंजय नळावर हात धूत होता. इतक्या जवळून ती त्याला पहिल्यांदाच बघत होती. डाव्या भुवईत छोटीशी खोक, आणि फोनवर धडाधड बोलणारा गडी आता नुसता पाण्याकडं बघत…

"घरी कोण कोण हाय?" तिनंच विचारलं.

"आई, थोरला भाऊ… कामून?"

"आमचे अप्पा नौबादला असतेत. काल फोनवर त्यास्नी म्हणलं, एकजण हाय." तिचे कान तापले, पण नजर खाली गेली नाही. "कोण, म्हणले. मी म्हणलं, नाव तोच येऊन सांगंल."

नळ तसाच वाहत राहिला.

"आरं ए खुळ्या!" ट्रॉलीतून अक्कम्मा कडाडली. "पोरगी एवढं बोलली! नारळ घे आन् जा नौबादला!"

मृत्युंजयनं नळ बंद केला. ओले हात सदऱ्याला पुसले, आणि तिच्याकडं बघत एवढंच विचारलं…

"नौबादची बस किती वाजता हाय?"