उशाशी बसलेली माणसं

चंद्रपूरच्या नव्या रुग्णालयात सुखकक्षाच्या काचेबाहेर दोघे उभे होते. डॉ. रघुवीर नाईकवाडे मेंदूचे डॉक्टर. मृणाल धारप हिने हा कक्ष रचलेला. आत मोरेश्वर गेडाम निपचित पडला होता. खाणीत छत कोसळून त्याच्या डोक्याला मार बसला होता. उशाशी बाकावर त्याची आई शेवंताबाई बसली होती. तिचा चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा दिसत होता.

"रक्ताचा अहवाल आलाय," डॉक्टर म्हणाले. "श्वास इतका मंदावलाय की कार्बन डायऑक्साइड साठत चाललाय. असंच राहिलं तर संध्याकाळ दिसायची नाही याला. औषध कोणी वाढवलं?"

"कक्षानं. तो अधिकार तुम्हीच दिला होता."

"दुखलं तर दे म्हणालो होतो. बेशुद्ध माणसाला काय दुखतंय?"

मृणालने पडद्यावरचा आलेख मागे नेला. कक्षाचं तत्त्व सोपं होतं. जमिनीतले आणि भिंतींतले संवेदक नाडी, श्वास, घाम टिपत. त्यावरून क्लेशांक निघे. तो चढला की कक्ष उजेड बदली, हवा गार करी, जमिनीतून ऐकू न येणारी मंद कंपनं सोडी. तेवढ्याने भागलं नाही तर सलाइनमधून झोपेचं औषध देई.

"हे बघा," ती म्हणाली. "इथे तो शुद्धीवर यायला धडपडला. कण्हला, हात झाडले. लगेच क्लेशांक चढला. पण त्याचा थोडाच. बाकी सगळा आईचा."

"आईचा कशाला मोजतेस?"

"परदेशी आराखड्यांत रुग्ण एकटा असतो. आपल्याकडे उशाशी माणूस असतंच, आणि त्याची घालमेल रुग्णाला लागते. म्हणून मी खोलीतल्या सगळ्यांची बेरीज घेतली. माझं कौतुक झालं त्याबद्दल. भाषणं दिली मी."

डॉक्टर सावकाश बोलले. "पोरगा हलला की आई घाबरते. आई घाबरली की खोली पोराला निजवते."

"तो निजला की आई शांत. मग खोलीच्या मते सगळं ठीक."

"बंद कर ते."

"बाहेरून होत नाही. वीज गेली तरी चालावा म्हणून कक्षाचा वीजसाठा आतच आहे. बंद करायची कळ पलंगाच्या डोक्याशी."

डॉक्टरांनी काचेवर जोरात थाप मारली, बाहेर यायची खूण केली. शेवंताबाईने वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पोरगा झोपला होता ना.

"मीच जातो."

"डॉक्टर, सकाळीही तुम्ही आत गेला होतात."

"मग?"

"बाहेर येऊन म्हणालात, प्रकृती समाधानकारक. कालच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सिस्टरही रोज तेच सांगतात."

 डॉक्टर दार ढकलून आत शिरले.

ते तडक पलंगाच्या डोक्याशी पोचले. हात कळेवर गेला. तिथेच राहिला. पाहता पाहता त्यांचे खांदे सैलावले. त्यांनी मोरेश्वरची चादर नीट केली आणि शेवंताबाईशेजारी बसले.

मृणालने दोन्ही मुठींनी काच बडवली. कोणी पाहिलं नाही. आणखी माणूस आत धाडायचा म्हणजे आणखी एक माणूस बाकावर. पण हा कक्ष तिने रचला होता, त्याच्या युक्त्या तिला ठाऊक होत्या. निदान ती तरी फसणार नाही. तिने ओठ रक्त येईपर्यंत दाताखाली धरला. 'कळ दाबायची. कळ दाबायची.' घोकत ती आत शिरली.

तळपायांना काहीतरी हलकेच थोपटल्यासारखं झालं. उजेड दिवेलागणीसारखा मऊ होता. ओठ दाताखालून कधी सुटला ते तिला कळलं नाही. मोरेश्वरच्या कपाळावर एकही आठी नव्हती. कुठल्याही दवाखान्यात इतका सुखात पडलेला माणूस तिने पाहिला नव्हता. कळ हाताशीच होती. दाबायची तर होतीच. पण इतकी घाई कसली?

शेवंताबाई बाकावर जराशी सरकली, पदराने जागा पुसली.

"बसा ना जी ताई," ती कुजबुजली. "लेकराले आत्ता कुठं गाढ झोप लागली."

मृणाल बसली.