नवी कातडी

धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात इंदूबाई आल्या, त्या पाय कापायची मनाची तयारी करूनच. कुहीजवळ त्यांची धानाची शेती. मधुमेहाने दोन्ही पाय बधिर झाले होते. बांधीतल्या चिखलात काहीतरी रुतलं ते कळलंच नाही, आणि उजव्या पायाची जखम अंगठ्यापर्यंत पसरली.

"कापून टाका साहेब," त्या म्हणाल्या. "रोजची पट्टी नाही होत आता."

"असं काहून बोलून राहिली वं माय?" लेक मोनाली म्हणाली.

पाय वाचेल, मी ठामपणे सांगितलं. नव्या उपचाराची मंजुरी मिळालेली आमची चाचणी चालू होती, तीत त्यांना घेतलं. त्यांच्याच पोटाच्या चरबीतून मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या केल्या आणि साफ केलेल्या जखमेत सोडल्या. लालसर मांस भरत गेलं, कडांकडून कातडी सरकत आली. दिवाळीच्या आत जखम मिटली, व्रणही जेमतेम दिसेल इतकी. एवढं चांगलं काम माझ्या हातून क्वचितच झालं होतं.

शेवटच्या तपासणीला त्या दुपारी आल्या. टेबलावर निजवून मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि स्पर्श कळतो का ते पाहायला नायलॉनच्या धाग्याचं टोक नव्या कातडीला टेकवलं.

"लागलं."

मोनाली हसली. बधिर नसा इतक्या लवकर जाग्या होत नाहीत, पण मला आनंदच झाला. मी धागा खाली ठेवला.

"आता कोणी पाणी टाकून राहिलं," इंदूबाई म्हणाल्या. "कोमट हाय."

पाय कोरडा होता. नसा जुळताना असे भास होतात, असं मी मोनालीला समजावलं.

"आता पुसून राहिले. लय जण हायेत."

"माय, डोळे उघड."

इंदूबाईंनी डोळे उघडले नाहीत. चेहरा शांत होता. मी मनगट धरलं. नाडी एकसारखी चालत होती.

"अंगठ्याले अंगठा बांधून राहिले."

उजव्या अंगठ्याभोवती, नव्या कातडीत, बारीक वळ उमटला. तो खोल गेला.

वीतभर अंतरावर ठेवलेले पाय सावकाश जवळ आले.

मी दोन्ही हातांनी ते धरून बाजूला ओढले. अंगठे सुटेनात.

"आता उचलून राहिले," इंदूबाई म्हणाल्या.

टाचा टेबलावरून वर आल्या. पाय माझ्याच हातांत होते. त्यांचं वजन माझ्या हातांवर नव्हतं.