चार बोटांचा घोडा

भिवंडीत धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात जागा मिळाली की शेजारी कोण बसलंय हे बघत बसायचं नसतं. पण धनेश भोईरच्या शेजारी त्या दिवशी एक हाड होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, एका टोकाने बाहेर डोकावणारं. ते मांडीवर घेतलेली मुलगी खड्डा आला की त्याला बाळासारखं पोटाशी धरत होती.

दोन खड्डे धनेशने कसाबसा दम धरला.

“मॅडम, हे... कोणाचं?”

“घोड्याचं. पाच कोटी वर्षांपूर्वीचं. म्हणजे त्याची प्लास्टरची नक्कल. पुढच्या पायाला चार बोटं होती त्याच्या.”

“एवढासा घोडा? आमच्या दापोड्याची कुत्री याच्याहून मोठी हायेत.”

धनेशला वाटलं, आता चिडणार. ती हसली. “ज्याला इंग्लंडात ही हाडं पहिल्यांदा मिळाली ना, त्यालाही हा घोडा वाटला नव्हता. भलतंच नाव ठेवून बसला. पुढे कित्येक वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं.”

“समोर असून ओळखलं नाही?”

“होतं असं कधी कधी,” ती म्हणाली, आणि उगाचच बाहेरचे ट्रक बघायला लागली.

दापोड्याला दोघं उतरले ते एकाच गोदामापाशी. गोदाम धनेशचंच. जिथे आजोबांची भातशेती होती तिथे आता पत्र्याची शेड होती, आणि बारावीनंतर कॉलेजला रामराम ठोकून तो तिथेच बसत होता. ती विनिता केणी, कल्याणला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. डार्विनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून भिवंडीत प्रदर्शन भरणार होतं, त्याच्या पेट्या धनेशकडे उतरल्या होत्या. वाटेत मोडलेलं एक हाड ती दुरुस्त करून आणत होती. आठ दिवसांत सगळी मांडणी तिलाच करायची होती.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आत धनेशने पेट्या उघडल्या आणि घोड्यांचे सगळे प्लास्टरचे सांगाडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावून ठेवले. माल लावण्यात नऊ वर्षांचा हात होता त्याचा, एक खूर इकडचा तिकडे नव्हता. विनिता दारात आली आणि ओढणी तोंडाशी धरून हसायला लागली.

“चुकलं?”

“चुकलं. पण वाईट वाटून घेऊ नका, मोठमोठ्या म्युझियमवाल्यांनीही अशीच रांग लावली होती.”

मग ती तिथेच फरशीवर बसली आणि सांगू लागली. डार्विनच्या जिवाला एक घोर होता. प्राणी हळूहळू बदलत गेले म्हणतोस, तर मधले कुठे आहेत, असं लोक विचारायचे आणि त्याच्याकडे दाखवायला फारसं काही नसायचं. मग अमेरिकेत खडकांच्या थराथरातून घोडे निघाले. चार बोटांचे, तीन बोटांचे, एका खुराचे. डार्विनच्या बाजूच्या लोकांना केवढा आनंद झाला! त्या आनंदात त्यांनी सरळ रांग लावून टाकली, जणू पहिल्या घोड्यालाच ठाऊक होतं आपल्याला कुठे पोचायचंय.

“खरं तर ते झाड होतं,” ती म्हणाली. “खूप फांद्या. बऱ्याचशा मधेच संपलेल्या. हा छोटा दिसतो ना, हा त्या मोठ्याच्या नंतरचा.”

“म्हणजे पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं?”

“कोणालाच नाही.”

धनेशला हे फारच आवडलं. त्याच्या आयुष्याची रांग सगळ्या भावकीने कधीच लावून ठेवली होती. शेड, गाडी, लग्न, दुसरी शेड.

शेजारच्या यंत्रमागवाल्याकडून त्याने सुताची मोठी रिळं आणली. एका घोड्यापासून दुसऱ्यापर्यंत सूत ताणत दोघं गुडघ्यांवर बसून फांद्या काढत राहिले. गाठ मारताना बोटाला बोट लागायचं... मग गाठ उगाचच दोनदा मारली जायची. तिच्या केसांत सुताची पिंज अडकायची आणि ती काढू की नको या विचारात धनेशचा अर्धा दिवस जायचा.

गुरुवारी तिने विचारलं, “रविवारी उद्घाटन आहे. येणार ना?”

“रविवारी... काल्हेरला जायचंय. आईने मुलगी बघायचं ठरवलंय.”

“बरं,” ती म्हणाली. सूत तुटलं. त्यानंतर ती त्याला ‘मिस्टर भोईर’ म्हणू लागली.

धनेशची झोप उडाली. एकदा बघायला जाऊन नाही म्हणायचं म्हणजे त्या पोरीला उगाच कमीपणा, ते त्याच्याने झालं नसतं. काल्हेरला पाऊल टाकलं की लग्न ठरल्यातच जमा. आणि इकडे काही बोलावं तर ही प्राध्यापिका, आपण बारावी.

शनिवारी सगळं प्रदर्शनाच्या हॉलवर नेऊन मांडलं, शेवटची गाठ तेवढी राहिली होती.

“शिकलेली आहे का काल्हेरची?” तिने मान वर न करता विचारलं.

“बी.ए.”

“छान.”

“छान काय त्यात?”

“मग काय म्हणू मी?” तिचा आवाज ओला होता.

धनेशने सूत खाली ठेवलं आणि मोबाइल काढला. “आये, उद्या काल्हेरला जायाचं न्हाय.”

त्याची आई जानकीबाई गावची धवलारीण, लग्नात मांडवभर ऐकू जाईल असे धवले गाणारी. तिचं फोनवरचं बोलणं हॉलच्या दारापर्यंत पोचलं. “का रं? काय झालं?”

“पोरगी... हितंच हाय.”

“तिला इचारलंस?”

लाजेने धनेशचे कान तापले. आठ दिवसांत त्याने सगळं विचारलं होतं, एवढं सोडून. विनिताने हात पुढे केला आणि त्याच्या हातून फोन घेतला.

“काकी, मी विनिता. मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. विचारलं की कळवते.”

“लाव त्याला इचारायला. मी फोन धरून हाय.”

धनेशने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“विनिता,” पहिल्यांदाच त्याने मॅडम म्हटलं नाही. “मी फार शिकलो नाही. पुढचं मला काही माहीत नाही. पण जे काय होईल ते... तुमच्याबरोबर व्हावं असं वाटतं. चालेल?”

ती त्याच्याकडे बघत राहिली, डोळे पुसले, हसली. उत्तर मात्र तिने फोनमध्ये दिलं.

“आई, काल्हेरला आजच निरोप पाठवा.”