डॉलीची पेन्सिल

अँब्रोज क्विल्टरच्या रहस्यकथांतले खून अव्वल असत. चोर मात्र पाद्र्याच्या घरी वाढल्यासारखे बोलत. कारण अँब्रोज स्वतः पाद्र्याच्या घरी वाढला होता. "महोदय, आपण मला पकडलेत, हे न्याय्यच झाले," असं त्याचा घरफोड्या म्हणाला, की बायको डॉली पोट धरून हसे. तिच्या बापाची लंडनच्या बर्मंडसी या गरीब वस्तीत मासळीची गाडी होती. चोरांची बोली ती लहानपणापासून ऐकत आलेली.

"पाद्रीबाबा, असं बोलणाऱ्याला आमच्या गल्लीत पोलिसांआधी चोरांनीच बडवला असता!" असं म्हणत ती पावाच्या सुरीने पेन्सिल तासायची आणि समासात लिहायची: 'गावलो बाबा. जरा हळू धर, कोट उसना आहे.' अख्ख्या लंडनने अँब्रोजच्या बोली टिपणाऱ्या कानांची तारीफ केली. कान डॉलीचे होते.

फेब्रुवारीत ती न्यूमोनियाने गेली. खाली तिच्याजवळ नर्स होती. वर तो शेवटचं प्रकरण संपवत होता. त्याला कुणी बोलावलंच नाही. डॉलीने आपल्याला हाक मारली होती का, एवढं विचारायचा धीर होईपर्यंत नर्स कॅनडाला निघून गेली.

पुढच्या कादंबरीची पहिली प्रकरणं टायपिस्ट मिस टॅपस्कॉटकडून परत आली, तेव्हा चोर झकास बोलत होते.

"हे तुम्ही सुधारलंत?"

"मी? माझे वडील शाळामास्तर होते, मिस्टर क्विल्टर! समासात पेन्सिलीने होतं, तेच टाइप केलं."

समासात डॉलीचं अक्षर होतं.

अँब्रोज कुणाला काही बोलला नाही. त्याचे चोर मात्र आता थेट बिशपसारखे बोलू लागले. दर शुक्रवारी ते सुधारून येत. अख्खा आठवडा तो शुक्रवारची वाट पाही.

एका दुपारी त्याने चोराची बायको आजारी पाडली. चोर वरच्या खोलीत, ती खाली. 'शेवटी ती म्हणाली,' एवढं लिहून त्याने एक ओळ कोरी सोडली.

मग हिंमत खचली. तो कागद त्याने टेबलाच्या खणात टाकला, कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली.

शुक्रवारी पाकीट आलं. त्यात ते पानही होतं, टाइप केलेलं.

'शेवटी ती म्हणाली, "पाद्रीबाबाला बोलवू नका, बाई. लिहितोय तो."'

त्याने खण उघडला. कागद तिथेच होता. कोरी ओळ पेन्सिलीने भरलेली.

शेजारी पेन्सिलीचे ढलपे पडले होते. त्याने एक उचलला.

त्याला पावाचा कण चिकटला होता. अजून मऊ.